गोळी सुईच्या आधी की नंतर?

ताई, तुमचा मुलगा शाळेत सॅनिटायझरचा वास आला तरी रडतो, सलूनवाल्याने पांढरं कापड झटकलं की पळतो, हे वाचून आमच्या पोरीचे दिवस आठवले. हट्टी वगैरे नाही तो, सुईला घाबरतो. स्पिरिटचा बोळा आधी, टोचणं मागून; आता वास आणि पांढरा रंगच पुरतो.

पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा कुत्रा आठवा: आधी ठरावीक आवाज, मग खाणं, असं होत राहिलं की नुसत्या आवाजानेही त्याची लाळ गळायची. पण त्यातला क्रम लोक विसरतात. आधी येतं ते इशारा बनतं.

आमच्या जुन्या वस्तीतल्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही) कंपाउंडर आधी लेकराच्या तोंडात संत्रागोळी कोंबायचा आणि ती चघळत असतानाच दंड धरायचा. झालं, गोळी म्हणजे सुई! पुढे आजोबांनी बर्डीच्या बाजारातून संत्राबर्फी आणली तर पोरगी दंड झाकून आईच्या मागे. नागपूरच्या पोरीने संत्राबर्फीला नाही म्हणावं? सुई नसेल त्या दिवशी पाच मिनिटं नुसतं बसू द्या म्हटलं, तर काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "ही बाग आहे का?" अजून डोकं तापतं.

मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. निष्काळजीपणा झाला तर उलट खाण्याचीच भीती बसेल, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. आमच्या कंपाउंडरने नेमकं तेच करून दाखवलं.

म्हणून माझं मत: बोळा लांबून दाखवा, मग खाऊ. खऱ्या सुईच्या दिवशी खाऊ सुईनंतरच. मधूनमधून काही न टोचता दवाखान्यात चक्कर मारा. बसू देणारा डॉक्टर शोधा, मिळतो. आणि "फुटाळा तलावावर फिरायला जाऊ" म्हणून फसवून नेऊ नका, नाहीतर फुटाळाही हातचा जाईल.

भीती गेली असं वाटून महिन्याभराने परत उसळली तर घाबरू नका. खाणं न देता नुसता आवाज ऐकवून पावलोव्हच्या कुत्र्यांची थांबलेली लाळही विश्रांतीनंतर परत यायची.

मी डॉक्टर नाही, फक्त बाप आहे. यासाठी लस मात्र टाळू नका; पाच-सहा वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर असतोच. झोप-जेवण बिघडलं असेल तर सरळ बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

सलूनचं सोपं आहे: घरून फुलाफुलांची जुनी ओढणी न्या. आमचा सलूनवाला हसला, पण केस कापले त्याने.