‘सायकल डावीकडून घुसली’

प्रश्न : ताई, माझे दाजी (वय 47) यंत्रमागावर कामाला होते. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून घरी येताना डावीकडे वळणाऱ्या ट्रकखाली सापडून जागीच गेले. ड्रायव्हरनेच पोलिसांना फोन केला. ‘सायकल डावीकडून घुसली, दिसलीच नाही’ म्हणतो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यातच टेबल जामिनावर सुटला. आता ट्रकमालक ‘दोन लाख घ्या, केस मिटवा’ म्हणून माणसं पाठवतोय. याला दहा वर्षांची शिक्षा आहे ना? बहिणीची दोन मुलं शिकतायत.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी बहिणीला सांगा, कशावरही सही करायची नाही. हा गुन्हा आपसात मिटणाऱ्यातला नाही, त्यामुळे ‘केस मिटवा’ला तसा अर्थच नाही. त्यांना हवाय तो भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद.

दहा वर्षांचं म्हणाल, तर ते पोटकलम खबर न देता पळून जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यावरून जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला आणि 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली ती ते बाजूला ठेवूनच. इथे लागतं कलम 106(1): हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. ते जामीनपात्र आहे, त्यामुळे टेबल जामिनात कुणाची मेहेरबानी शोधू नका.

‘दिसलीच नाही’ हे मी कोर्टात नेहमी ऐकते, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डाव्या दाराखालची जागा त्याला धड दिसत नाही. पण हे त्याला गाडी हातात घेतल्यापासून ठाऊक असतं. मग वळण्याआधी आरसा पाहिला का, इंडिकेटर दिला का, क्लीनर कुठे होता? (बहुतेकदा झोपलेला.) आणि मालक सुटत नाही. बाजूचे संरक्षक बार होते का? ड्रायव्हर किती तास गाडीवर होता? मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा दिवसाला आठ तास सांगतो. हे जबाबात यावं म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या.

सायकल ठाण्यात असेल तर जाऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मागचं चाक आणि मडगार्ड दबलं असेल तर ट्रक मागून आला. मग ‘घुसली’ कुठून? हँडलचा उजवा दांडा वाकून पेडलवर टायरची काळी घासण असेल, तर शेजारून वळताना आत ओढलं गेलं. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल घ्या, त्यात रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर बघा. चौकातल्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जातं, त्याचा अर्ज आजच.

विमा कंपनी सायकलला दिवा नव्हता म्हणेल. तेवढ्याने दावा बुडत नाही. फार तर काही टक्के कापले जातील. फौजदारीत ड्रायव्हर सुटला तरीही दावा आपल्या पायावर उभा राहतो. पोलिसांनी 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, पण त्यावर विसंबून न राहता मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चा भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका.

आता आकडा बघा. समजा मजुरी महिना 15,000. या वयाला पुढच्या वाढीचे 25 टक्के धरतात : 18,750, म्हणजे वर्षाला 2,25,000. बायको आणि दोन मुलं अवलंबून, म्हणून दाजींच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा : 1,50,000. गुणक (वयावरून ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) 13. झाले साडेएकोणीस लाख, अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. मालक दोन लाखांची घाई का करतोय, कळलं?

अडतं ते मजुरीच्या पुराव्यावर. तुमच्याकडे विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी, आठवड्याला रोख. कारखानदाराच्या पगारवहीतल्या दाजींच्या पानांचे फोटो मिळवा. तो कचरला, तर पाळीतल्या दोघा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं चालतील, आणि बहिणीचं बँक पासबुक जोडा.