चिकूचा मावळा करावा का?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे शिह त्झू जातीचा तीन वर्षांचा चिकू आहे. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत पाळीव प्राण्यांची वेषभूषा स्पर्धा असते. गेल्या वर्षी चिकूला कृष्ण केले होते. यंदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फेटा, अंगरखा आणि कमरेला पुठ्ठ्याची तलवार बांधून त्याचा मावळा करायचा आहे. यजमान म्हणतात, ‘त्याला काय कळते, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’ सासूबाईंचे म्हणणे, मुक्या जिवाला असे सोंग देणे बरे नाही. चिकू आजवर कधी गुरगुरलेला नाही की चावलेला नाही. कपडे घातले की तो एका जागी शांत उभा राहतो. गेल्या वर्षीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. त्यावरून त्याला ते आवडते असे म्हणता येणार नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : छायाचित्रापासूनच सुरुवात करू. मुकुट आणि मोरपीस सुरेख जमले आहेत, पण नजर मोरपिसावरून खाली आणली की निराळेच काही दिसते. चिकूने तोंड घट्ट मिटून घेतले आहे. मान त्याने कॅमेऱ्यापासून वळवली आहे, पण डोळे मात्र कॅमेऱ्यावरच असल्याने बुबुळाच्या कडेला चंद्रकोरीसारखा पांढरा भाग उघडा पडला आहे. पुढचा एक पाय जमिनीवरून किंचित उचललेला आहे आणि अंगाचा भार मागच्या पायांवर गेला आहे. या जातीच्या कुत्र्याची शेपटी एरवी तुऱ्यासारखी पाठीवर वळलेली असते. ती पितांबराखाली कुठे तरी दडपली गेली आहे. यांपैकी एखादेच लक्षण असते तर मी त्यावरून काही निष्कर्ष काढला नसता, कारण कुत्रा क्षणभर कुठेही पाहू शकतो. परंतु ही सारी लक्षणे एकाच वेळी दिसतात तेव्हा तो कुत्रा शांत नसतो, थिजलेला असतो. भ्यालेल्या प्राण्यापुढे पळून जाणे, प्रतिकार करणे आणि जागच्या जागी गोठून उभे राहणे असे मार्ग असतात. पळायला साखळी आड येते आणि प्रतिकार करू नये हे त्याला आपणच शिकवलेले असते, तेव्हा त्याच्यासाठी तिसराच मार्ग उरतो. तो कधी गुरगुरलेला नाही हे त्याच्या स्वभावाचे मोठेपण आहे, पण त्याला संमती समजणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्याला कृष्ण केले की मावळा, हे चिकूला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच की गळ्याभोवती आणि पोटाखाली काही तरी आवळले आहे, कानांवर कापड आल्याने आवाज कुठून येतो याचा अंदाज चुकतो आहे, आणि नेहमीची माणसे एरवीपेक्षा मोठ्याने हसत अंगावर येत आहेत. शिवाय कुत्री एकमेकांशी बोलतात ती कान, शेपटी, पाठीचे केस आणि अंगाची ठेवण यांच्या साहाय्याने. फेट्याने कान झाकले आणि अंगरख्याने पाठ झाकली की समोरच्या कुत्र्याला त्याचे बोलणे ऐकूच येत नाही, असे समजा. स्पर्धेच्या मंडपात अशी दहा-पंधरा कुत्री शेजारी शेजारी उभी केली जातात आणि मग त्यांतली दोन अचानक एकमेकांवर धावून गेली की मालक म्हणतात, ‘आमचा असा कधीच करत नाही.’ तो करत नाही हे खरेच असते. त्या दिवशी त्याची भाषा काढून घेतलेली असते.

दहा मिनिटांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे प्रमुख साधन म्हणजे धापणे, म्हणजेच जीभ, तोंड आणि नाक यांतील ओलावा हवेत उडवून देणे. भाद्रपदातल्या दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही. त्यातच शिह त्झू आणि पग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाट मुळात अरुंद असते आणि चिकूच्या अंगावर स्वतःच्या केसांचे एक घोंगडे आधीच आहे. त्यावर साटिनचा किंवा वेल्वेटचा अंगरखा चढवला, गळ्याशी नाडी बांधली आणि दिव्यांखाली उभे केले, तर दहा मिनिटेदेखील थोडी नव्हेत. दहाची पाऊण तास कशी होतात हे कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतेच. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्म्यामुळे ते १०४ च्या वर जाऊ लागले की वेळ न दवडता अंगावरचे सारे काढून त्याला गार करावे लागते आणि दवाखाना गाठावा लागतो. मंडपातल्या ढोल-ताशांचे तर बोलायलाच नको. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, त्यात त्याला आणखी बरेच काही ऐकू येत असते.

या जातीचे डोळे मोठे आणि पुढे आलेले असल्यामुळे फेट्याची कडा, जरीचे टोक किंवा पुठ्ठ्याची तलवार बुबुळाला घासून जखम होणे अगदी सोपे आहे. सणांनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत, पोशाख काढला तरी पायात किंवा गळ्यात केसांखाली राहून गेलेले इलॅस्टिक हा नेहमीचा प्रकार आहे. ते दिसत नाही, हळूहळू कातडीत रुतत जाते आणि घरच्यांना प्रथम दुर्गंधी येते, मग कारण सापडते.

सासूबाईंच्या म्हणण्याशी मी बराचसा सहमत आहे, कारण मात्र थोडे वेगळे देईन. सोंग दिल्याने कुत्र्याचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. अपमान ही माणसाची गोष्ट आहे. पण मूल जेव्हा थिजलेल्या कुत्र्याकडे पाहून ‘किती गोड उभा आहे’ असे म्हणते आणि आपण होकार देतो, तेव्हा त्याच्या अंगावरची भीती वाचायची नाही असे आपण मुलाला शिकवत असतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत घरच्या, ओळखीच्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, आणि त्यातले कित्येक चावे अशाच न वाचलेल्या इशाऱ्यांनंतरचे असतात. म्हणून हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

कायद्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सोसायटीच्या समितीला सांगता यावे म्हणून लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची वाजवी काळजी घ्यावी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत, असे कर्तव्य त्याच्या कलम ३ मध्ये सांगितले आहे, तर विनाकारण वेदना किंवा यातना देणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. अंगरखा घातला म्हणून कोणी पोलिसात जाणार नाही, आणि जाऊही नये. तथापि धापणाऱ्या कुत्र्याला बक्षीस समारंभ होईपर्यंत तसेच उभे करणारा आयोजक या कर्तव्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे समितीने स्वतःला विचारायला हरकत नाही.

याचा अर्थ कुत्र्याच्या अंगावर कधीही कापड चढवू नये असा नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून घालायचे जाकीट, संधिवात झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला थंडीतले उबदार अंगडे, कारवानसारख्या आखूड केसांच्या आणि सडपातळ जातीला माळरानावरच्या पहाटे घातलेली झूल, रात्रीच्या फिरण्यात वाहनचालकाला दिसावा म्हणून चमकणारा पट्टा, यांत उपयोग त्या प्राण्याचाच असतो. पावसाळी रेनकोटही चालेल, मात्र घरी येताच तो काढून अंग कोरडे केले पाहिजे, नाही तर ओलसर केसांखाली बुरशी धरते. या वस्तूंचीही सवय लावावी लागते. कापड आधी जमिनीवर ठेवावे, हुंगू द्यावे, मग कुत्र्याला थोडा खाऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी नुसते पाठीवर टाकून लगेच काढावे, आणि बंद लावण्याची वेळ चार-आठ दिवसांनी यावी.

आता परीक्षा सोपी आहे आणि ती मुलीलाच घेऊ द्या. तिने अंगरखा हातात धरून चिकूपासून चार हात दूर बसावे आणि त्याला बोलावू नये. तो शेपटी हलवत आपणहून आला, कापड पाठीवर ठेवून काढल्यावर पुन्हा जवळ आला, तर साध्या सुती कापडाचा, पोट आणि कान मोकळे ठेवणारा एखादा शेला घरातल्या घरात पाच मिनिटे घालून छायाचित्र काढायला माझी हरकत नाही. तो सोफ्यामागे गेला, नाक चाटू लागला, झोप आलेली नसताना जांभया देऊ लागला किंवा अंग कोरडे असताना भिजल्यासारखा झाडू लागला, तर उत्तर मिळाले. मंडपातल्या स्पर्धेत त्याला नेऊ नये, हे मात्र मी परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता सांगेन. मावळा मुलीने व्हावे आणि चिकूने नेहमीच्या पट्ट्यात, गर्दी नसताना, सकाळी तिच्याबरोबर एक फेरी मारावी.

प्रश्न : माझ्या मांजरीला हौसेने लोकरीचा स्वेटर विणला. घातला की ती एका अंगावर पडते आणि उठतच नाही. काढला की लगेच धावते. सगळे म्हणतात, ती नाटक करते. खरेच नाटक असते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाटक नाही. मांजराच्या अंगावरचा केस न् केस हा स्पर्शाचा निरोप आत पोहोचवणारा असतो आणि अरुंद जागेतून जाताना, उडी मारताना ते या निरोपांवर विसंबून असते. सगळ्या अंगावर एकदम सारखा दाब आला की त्याला आपण कुणाच्या तरी पकडीत सापडलो आहोत असे वाटत असावे. काही मांजरे मग कोसळल्यासारखी पडतात, तर काही पोट जमिनीला लावून मागे मागे सरकतात. जागेपणीचा बराच वेळ मांजर अंग चाटून स्वच्छ करण्यात घालवते, तेही स्वेटरमध्ये थांबते. लोकरीचा आणखी एक धोका आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे सुटलेला धागा तोंडात गेला की तो थुंकता येत नाही, गिळलाच जातो, आणि आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून निघत नाही. स्वेटर तिच्या टोपलीत अंथरण्याचा विचार असेल, तर त्यावर जुन्या चादरीची खोळ शिवा. थंडीत ती त्यावर आपणहून जाऊन बसेल.

प्रश्न : तुम्ही शहरातल्या कुत्र्यांच्या झबल्यांना नावे ठेवता, ते मान्य. पण मग आम्ही पोळ्याला बैल सजवतो तेही चूकच म्हणायचे का? आमच्याकडे झूल, बाशिंग, घुंगरमाळा, शिंगांना रंग, सगळे होते. — एक शेतकरी वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : प्रश्न रोखठोक आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पोळ्याचा गाभा सजावटीत नाही, असे मला वाटते. आदल्या दिवशी जू वाहणारे खांदे ऊन पाण्याने शेकून तूप-हळदीने मळायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाला सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, या साऱ्याचा लाभ थेट बैलाला होतो. तुमची झूलही पाठीवर सैल पडते, पोटाखाली बांधलेली असली तरी पाय मोकळे राहतात, आणि वर्षभर माणसाच्या हाताची, दोरीची, गोंड्यांची सवय असलेल्या जनावराला ती एकाएकी चढवलेल्या पोशाखासारखी वाटत नाही. मंडपातल्या चिकूची आणि तुमच्या बैलाची तुलना म्हणूनच पूर्णपणे जुळत नाही.

जिथे जुळते तिथे मात्र बैलाची बाजू घ्यावी लागेल. शिंगे साळून गुळगुळीत करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. शिंगाचे वरचे कवच नखासारखे निर्जीव असले तरी आत रक्तपुरवठा असलेले जिवंत हाड असते, आणि साळणारा हात खोल गेला की बैलाला वेदना होतात. ऑइल पेंटचा थर तर लावूच नये. त्याचा वास तासन्‌तास नाकाशी राहतो, थेंब डोळ्यात उतरतात आणि बैल चाटतो तेव्हा पोटातही जातात. पूर्वीचे ते सारे निर्मळ होते असेही नाही, कारण शिंगांना लावला जाणारा लाल हिंगूळ हे पाऱ्याचेच संयुग आहे. हळद, गेरू, किंवा रंगच नको असेल तर नुसते तेलाचे बोट आणि बेगडाऐवजी झेंडूची माळ, इतके पुरे आहे. तोरणाखाली बैल दुपारपासून उन्हात ताटकळतात, मागे डीजे वाजतो आणि कुणी तरी फटाका फोडतो, तेव्हा कान मागे पाडून डोळे फिरवणाऱ्या बैलात आणि गेल्या वर्षीच्या त्या कृष्णात मला फरक दिसत नाही. मानकऱ्यांची वाट पाहण्यापेक्षा वेळ ठरवून पोळा लवकर फोडावा.

तुमच्या विदर्भात याचे एक उत्तर पूर्वीपासून आहेच. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडाचे बैल मनसोक्त सजवतात, वेषभूषा स्वतः करतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. पुण्याच्या वाचकांना त्यांच्या सोसायटीसाठी मी हेच कळवले आहे.

यंदा शिंगांना ऑइल पेंट आधीच लावला असेल, तर तो काढण्यासाठी रॉकेल किंवा थिनर वापरू नका, विशेषतः डोळ्यांजवळ. तो आपोआप झिजू द्या. शिंगाचे बूड गरम लागत असेल, बैल मान एका बाजूला कलती धरत असेल किंवा नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला लगेच दाखवा, कारण शिंगाच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते.