ब्लॅक स्टुडंट युनियनच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत एमएससाठी आलेल्या एका मुलीला लॅबमधल्या मैत्रिणीने गुरुवारी संध्याकाळी ब्लॅक स्टुडंट युनियनच्या (बीएसयू, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना) मीटिंगला ये म्हटलंय. त्याच सेमिस्टरला तिला एक असाइनमेंटही आहे, 'आपल्या नसलेल्या समाजगटाच्या कार्यक्रमाला जा आणि दोन पानी रिपोर्ट लिहा.' जाऊ का, एका दगडात दोन पक्षी मारता येतील का, आणि तिथे गेल्यावर वागायचं कसं?

जरूर जा. मैत्रिणीने स्वतःहून बोलावलंय, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. फक्त असाइनमेंटचं आधी सांगा. याबद्दल सविस्तर पुढे लिहिते.

आधी ही मीटिंग नेमकी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. बीएसयूच्या कार्यक्रमांत निदान तीन प्रकार असतात. जनरल बॉडी मीटिंग, म्हणजे सगळे जिला जीबीएम म्हणतात ती, दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी होते आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खुली असते. ई-बोर्डाची बैठक फक्त पदाधिकाऱ्यांची असते. तिसरा प्रकार नाजूक आहे. कॅम्पसवर वंशद्वेषी प्रकार घडला, किंवा देशात कुठे पोलिसांच्या हातून कोणी मारलं गेलं, की मुलं आपापसात मन मोकळं करायला जमतात. फ्लायरवर 'हीलिंग सर्कल' किंवा 'प्रोसेसिंग स्पेस' असं काही लिहिलेलं असेल तर, दार उघडं असलं तरी, पहिल्या भेटीसाठी तो दिवस निवडू नका. कोणाच्या घरी दुःख झालं असताना आपण ओळख करून घ्यायला जात नाही, तसंच हे. फ्लायर संघटनेच्या इन्स्टाग्रामवर किंवा विद्यापीठाच्या क्लब-पोर्टलवर मिळतं. विद्यापीठाची मान्यता घेतलेल्या संघटनांना भेदभावविरोधी नियम पाळावे लागतात, त्यामुळे सभासदत्वसुद्धा साधारणपणे सगळ्यांना खुलं असतं. पण नियमाने आत येता येणं वेगळं आणि पाहुण्यासारखं वागणं वेगळं.

ही संघटना का निर्माण झाली हे ठाऊक असलं तर बाकीच्या अर्ध्या सूचना आपोआप समजतात. ब्लॅक स्टुडंट युनियन या नावाची पहिली संघटना १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात उभी राहिली. तिने आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या इतर अल्पसंख्य विद्यार्थी गटांच्या आघाडीने मिळून ६ नोव्हेंबर १९६८ ला संप पुकारला, तो पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत चालला, आणि त्यातून तिथे एथनिक स्टडीजचं, म्हणजे वांशिक गटांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाचं, स्वतंत्र कॉलेज निघालं. कॉर्नेल विद्यापीठात एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली होती. आज आपण ज्या कॅम्पसवर सांस्कृतिक केंद्रं, वेगळे अभ्यासक्रम आणि गटागटांच्या संघटना गृहीत धरतो, त्यातलं बरंच काही त्या मुलांनी भांडून मिळवलेलं आहे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा इमिग्रेशन कायदा एकाच काळातले आहेत. देशोदेशीचे जुने कोटे त्या १९६५ च्या कायद्याने मोडले आणि भारतीयांना अमेरिकेचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला. त्यामागे कृष्णवर्णीय समाजाच्या लढ्याने बदललेली हवा होती.

वर्गात, लॅबमध्ये, मेसमध्ये कृष्णवर्णीय मुलं दिवसभर चारदोनच असतात. आठवड्यातला तास-दीड तास इथे ती बहुसंख्य असतात. म्हणून पाहुण्याने खोलीचा मध्य व्यापू नये.

आता असाइनमेंट. मैत्रिणीला आणि संघटनेच्या अध्यक्षाला दोन दिवस आधी तीन ओळींचा ईमेल करा: मी कोण, मला कोणी बोलावलंय, आणि या भेटीवर वर्गासाठी रिपोर्ट लिहिला तर चालेल का. 'नको' असं उत्तर आलं तर तसंच जा आणि रिपोर्टसाठी दुसरा कार्यक्रम शोधा, उदाहरणार्थ फेब्रुवारीतलं एखादं जाहीर व्याख्यान. इतिहासकार कार्टर वूडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला एक आठवडा १९७६ पासून ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणून महिनाभर साजरा होतो, त्यामुळे फेब्रुवारीत असे कार्यक्रम भरपूर असतात. 'हो' आलं तरी मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडून टिपणं काढू नका, रेकॉर्डिंग तर मुळीच नको. घरी येऊन त्याच रात्री आठवेल ते लिहा. रिपोर्टमध्ये नावं, गाव, मेजर असं काही घालू नका. लहान विभागात 'दुसऱ्या वर्षाची मेकॅनिकलची मुलगी' एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. कोणी खाजगी अनुभव सांगितला असेल तर तो रिपोर्टात येत नाही, मीटिंग कशी चालली ते येतं. इंग्रजीत लिहिताना ब्लॅक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० पासून तोच नियम केला आहे. वर्गापलीकडे काही छापायचा किंवा मुलाखती घ्यायचा विचार असेल तर आधी आयआरबीला (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीला) विचारायला लागतं, प्राध्यापकांशी बोला.

गुरुवारी वेळेच्या पाचदहा मिनिटं आधी पोचा. दाराशी साइन-इनचा क्यूआर कोड असतो. तो जरूर स्कॅन करा, कारण बऱ्याच कॅम्पसवर निधी मागताना संघटनेला हजेरीचे आकडे दाखवावे लागतात. फॉर्मवर 'मेंबर' आणि 'गेस्ट' असे पर्याय असतील तर गेस्ट निवडा. चुकून मेंबर केलंत तर कोरम आणि निवडणुकीच्या यादीत घोळ होतो, आणि निवडणुका बहुधा स्प्रिंग सेमिस्टरमध्येच असतात. कपडे रोजचेच चालतात, फक्त फ्लायरवर 'बिझनेस कॅज्युअल' किंवा विशिष्ट रंग दिला असेल तर तो पाळा. मैत्रिणीशेजारी बसा, पहिल्या रांगेत नको आणि एकटीने कोपऱ्यातही नको.

सुरुवातीला आइसब्रेकर, म्हणजे ओळखीचा छोटा खेळ किंवा फेरी, असतो, आणि नवख्या माणसाची पहिली अडचण तिथेच होते. पाळी आली की नाव, विभाग आणि 'अमुकने बोलावलं म्हणून आले' एवढं पुरे. 'मला तुमचं कल्चर फार आवडतं' हे वाक्य गिळून टाका. कार्यक्रमात पुढे सूचना, मग मुख्य विषय (कधी शिष्यवृत्त्या, कधी केसांची निगा, कधी नोकरीच्या मुलाखती, कधी वादविवाद), मग समित्यांची कामं, असा साधारण क्रम असतो. बोलणाऱ्याचं पटलं की लोक चुटक्या वाजवतात. आपल्याकडे चुटकी वाजवून माणसाला बोलावणं उद्धटपणाचं, त्यामुळे पहिल्यांदा दचकायला होतं. इथे ती दाद आहे: टाळीने बोलणं तुटतं, चुटकीने तुटत नाही. मधूनच 'म्म्-हं' किंवा 'दॅट्स राइट' असा प्रतिसादही येतो, बोलणारा त्यासाठी थांबतो. चुटकी तुम्हीही वाजवा, पण तो लहेजा, ते हेल उचलायला जाऊ नका. कार्यक्रमात 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' सुरू झालं तर उभ्या राहा. १९०० साली जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेलं हे गीत त्या समाजात राष्ट्रगीताच्या मानाने गायलं जातं.

जॅकेटवर ग्रीक अक्षरं घातलेली मुलंमुली दिसतील. ते 'डिव्हाइन नाइन' म्हणजे कृष्णवर्णीय समाजाच्या नऊ फ्रॅटर्निटी-सोरोरिटी, मुलांची आणि मुलींची विद्यार्थी मंडळं. अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला सुरू झाली, अल्फा कप्पा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात. त्यांच्या आरोळ्या, हाताच्या खुणा आणि ओळीने नाचत फिरण्याच्या चाली सभासदांच्याच असतात. कौतुकाने नक्कल केली तरी ती वाईट दिसते.

चर्चेत किती बोलायचं? पहिल्या भेटीत तासाभरात एकदा, तेही विचारलं तर. सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'आमच्याकडेही असंच असतं' या वाक्याने. कोणी आपला अनुभव सांगत असताना इंग्रजांच्या राज्याची किंवा आपल्याला विमानतळावर थांबवल्याची गोष्ट मध्ये घातली की बोलणाऱ्याचा धागा जातो आणि खोली पाहुण्याची समजूत काढण्यात गुंतते. 'तू किती छान इंग्रजी बोलतेस' हेही नको. 'मूळची कुठली?' हे तर नकोच. त्या खोलीत नायजेरियन आईवडिलांची मुलं असतील, जमैकातली असतील, आणि चारशे वर्षं इथेच असलेल्या घराण्यांतलीही असतील. त्या शेवटच्यांचं मूळ गाव गुलामीने पुसून टाकलेलं असतं, त्यामुळे तो प्रश्न जिव्हारी लागतो. केसांना हात लावू नये, परवानगी मागूनही नाही. 'एन'ने सुरू होणारा शब्द गाणं म्हणतानासुद्धा तोंडातून येता कामा नये. आणि मराठीत फोनवर बोलताना 'काळ्या', 'कल्लू', 'हबशी', 'निग्रो' हे शब्द वापरायचे थांबवा. कळत नाही असं समजू नका, भारतीय रूममेट असलेल्यांना कल्लू शब्द चांगलाच ठाऊक असतो. इथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घर शोधणाऱ्याला 'त्या वस्तीत नको' म्हणून जो सल्ला मिळतो, त्यातला बराचसा फक्त रंग बघून दिलेला असतो. तो मनात घेऊन त्या खोलीत बसलात तर बोलण्यातून डोकावतोच.

जातीबद्दल कोणी विचारलं तर मात्र टाळू नका, खरं सांगा, आपली जागा कुठली तेही. त्या वेळी सांगण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीय समाजाच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली, द्युबॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. हे सगळं विचारल्याशिवाय काढू नका, नाहीतर तेही 'आमच्याकडेही असंच' होतं. आणि सवर्ण घरातून आला असाल तर ही परंपरा आपलीच असल्याच्या थाटात सांगू नका.

जेवणाचं वेगळं सांगते, कारण शाकाहारी मुलींची पंचाईत होते. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजीसारखी दिसते, पण बहुतेकदा धूर दिलेल्या टर्कीच्या किंवा डुकराच्या हाडावर शिजवलेली असते. रेड बीन्स अँड राइसमध्ये सॉसेज असतं, जोलोफ राइस पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात, कॉर्नब्रेडमध्ये क्वचित चरबी असते. मॅक अँड चीज आणि कँडीड याम्स सहसा चालतात. वाढणाऱ्याला हळूच 'यात मांस आहे का?' विचारा, नाक मुरडून बाजूला सारू नका. घरून खाऊन गेलात तर प्रश्नच मिटतो. सभासदांचं ताट आधी होऊ द्या.

शेवटी ग्रुप फोटो असतो. बोलावलं तरच त्यात उभ्या राहा, आणि स्वतःच्या स्टोरीवर तिथला कोणाचाही फोटो टाकू नका.

टेक्ससमध्ये सरकारी विद्यापीठांतली डीईआय (विविधता, समता आणि समावेशन) कार्यालयं १ जानेवारी २०२४ पासून कायद्याने बंद झाली. विद्यार्थी संघटनांना त्या बंदीतून वगळलंय, पण जिथे कार्यालयच गेलं तिथे खोली आणि मदतीचा माणूसही गेला. तुमचं विद्यापीठ अशा राज्यात असेल तर संघटनेच्या भवितव्याबद्दल जाहीर प्रश्न विचारू नका. खुर्च्या मांडायला, खोका उचलायला हात लागतो का ते विचारा. ते काम मीटिंग संपल्यावर असतं, साधारण वीस मिनिटांचं, आणि खरी ओळख बहुधा तेव्हाच होते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला आभाराचा मेसेज करा, आणि अध्यक्षांनी रिपोर्टला हो म्हटलं असेल तर जमा करण्याआधी त्यांना तो वाचायला पाठवा, 'काही खटकलं तर काढते' असं लिहून.