ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळतंय, पण काम आठवड्याला काही तासच आहे. ‘हेल्प टू सेव्ह’ हे बोनस देणारं सरकारी बचत खातं उघडायला किमान किती कमाई लागते?

फक्त १ पौंड. ६ एप्रिल २०२५ पासून हा नियम आहे. त्याआधी महिन्याला सुमारे ७९३ पौंड हातात पडावे लागत, आणि जुन्या माहितीपत्रकांत तोच आकडा वाचून गरजू माणसं अर्जच करत नाहीत. तुम्ही जरूर करा.

कमाई मोजतात ती युनिव्हर्सल क्रेडिटच्या शेवटच्या पूर्ण झालेल्या मूल्यांकन कालावधीतली (ज्या एका महिन्याच्या मुदतीवरून तुमचा भत्ता ठरतो ती), कॅलेंडरच्या महिन्यातली नव्हे. त्या कालावधीत पगार जमाच झाला नसेल तर अर्ज अडकतो. अशा वेळी पगार जमा झालेला कालावधी संपू द्या आणि मग पुन्हा अर्ज करा. जोडप्याचा एकत्र दावा असेल तर दोघांची मिळून कमाई धरतात, खातं मात्र प्रत्येकाने आपापलं उघडायचं. कमाईची अट फक्त खातं उघडताना असते. पुढे नोकरी गेली किंवा क्रेडिट थांबलं तरी खातं चालू राहतं.

महिन्याला १ ते ५० पौंड भरता येतात, मुदत ४ वर्षं. पहिल्या २ वर्षांत खात्यात जी सर्वांत मोठी शिल्लक होती तिच्या निम्मा बोनस मिळतो, म्हणजे १,२०० वर ६००. पुढच्या २ वर्षांचा बोनस मात्र त्या जुन्या उच्चांकापेक्षा शिल्लक जितकी वर जाईल तेवढ्याच वाढीवर मिळतो, म्हणून मधे मोठी रक्कम काढली की दुसरा बोनस हातचा जातो. मुदतीआधी खातं बंद केलंत तर पुढचा बोनस नाही, आणि दुसरं खातंही उघडता येत नाही.

अर्ज जीओव्ही डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर किंवा एचएमआरसी या कर खात्याच्या अ‍ॅपवर होतो.