उरूस, उर्स की उरुस?

प्रश्न कऱ्हाडकडच्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या गावच्या भैरवनाथाच्या यात्रेला जुनी माणसं 'उरूस' म्हणतात. यंदा निमंत्रणपत्रिका छापताना काही मंडळी म्हणाली, हा दर्ग्याचा शब्द, देवाच्या यात्रेला कशाला? दुसरा मुद्दा शुद्धलेखनाचा निघाला: उर्स, उरूस की उरुस? मग या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी अर्थ पाहू. अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न, लग्नाची मेजवानी. त्याच धातूपासूनचा 'अरूस' म्हणजे नवरी. सूफी संतांच्या निधनाच्या दिवसाला हे नाव मिळालं, कारण त्यांच्या लेखी मृत्यू म्हणजे ज्याच्यासाठी आयुष्यभर तळमळ केली त्या परमेश्वराशी मीलन. याचा आधार एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, दाखवला जातो. कबरीत सवाल-जवाब झाले की नेक माणसाला फरिश्ते (देवदूत) सांगतात, 'नवरीसारखा निजून राहा.' सूफी कवी मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी तुर्कस्तानातल्या कोन्याला वारले. तिथे ती रात्र आजही 'शब-ए-अरूस', म्हणजे लग्नाची रात्र, याच नावाने पाळतात. उत्तर प्रदेशात बहराइचला गाजी मियाँच्या दर्ग्यावर तर जेठ महिन्यात लोक खरोखरच वरात घेऊन जातात.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. ज्ञानोबांच्या समाधीच्या तिथीला आळंदीत 'सोहळा'च होतो आणि तुकाराम बीजेला देहूत कुणी सुतकी चेहऱ्याने जात नाही.

आता उच्चार. मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी आलेलं जोडाक्षर बऱ्याचदा जड जातं. मग ती मधे स्वर घालते, आणि तो सहसा पहिल्या अक्षरातल्या स्वराच्या जातीचा असतो. हुक्मचा हुकूम झाला, जुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख. कुफ्लमधली फ आणि ल यांची जागा बदलून कुलूप झालं. इकार असेल तर इकार येतो: फिक्रची फिकीर. 'अ' असेल तिथे मात्र बऱ्याचदा वेगळंच घडतं. अक्लची अक्कल, नक्लची नक्कल, तर कर्ज आणि अर्ज जसेच्या तसे राहिले. उर्समध्ये पहिलाच स्वर उ, म्हणून उरूस. तेव्हा 'उरूस' हे अडाण्याचं अशुद्ध रूप आहे आणि 'उर्स' तेवढं खरं, असं समजण्याचं काही कारण नाही. हुकूम मराठी असेल तर उरूसही तितकाच मराठी आहे. अजमेरच्या किंवा निजामुद्दीनच्या संदर्भात लिहिताना 'उर्स' खुशाल लिहावं, तिथली माणसं तसंच म्हणतात. मिरजेचा मात्र उरूसच.

दर्ग्याभोवतीचे बाकीचे शब्दही बघण्यासारखे आहेत, आणि त्यासाठी उरुसाची एक रात्र डोळ्यांसमोर आणली की पुरे. उगाळलेलं चंदन भांड्यात भरून, वर फुलं घालून, डोक्यावर नाहीतर घोड्यावर ठेवून वाजतगाजत दर्ग्याकडे नेतात. पुढे ताशे, मागे ऊद जळत असतो. पोचल्यावर मजार (पिराची कबर) धुतात, चंदनाचा लेप देतात आणि वर गलेफ, म्हणजे चादर, चढवतात. या मिरवणुकीला संदल म्हणतात, आणि लेपाच्या विधीला आणि त्या दिवसालाही संदलच. शब्दाचा प्रवास मोठा सुरेख आहे. संस्कृत चंदन इराणात गेलं, तिथून अरबीत जाऊन 'संदल' झालं आणि पिरांच्या संगतीने पुन्हा इकडे आलं. आपण चंदनाचा संदल काढतो, म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी ठेवतो. माहीमला मखदूम अली माहिमींच्या उरुसात पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा असतो. मिरजेत ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. 'मान' हा शब्द इथे अगदी जत्रेतल्या मानकऱ्यांच्या अर्थाने येतो.

गलेफ अरबी 'गिलाफ'वरून आला, म्हणजे आच्छादन. हल्ली बातम्यांत सर्रास 'चादर चढवली' असतं. चूक नाही, पण मिरज-कोल्हापूरकडे गलेफ हा शब्द जिवंत आहे, तो टिकावा असं मला मनापासून वाटतं. मुजावर म्हणजे मुळात शेजारी, सान्निध्यात राहणारा. पिराच्या सान्निध्यात राहून दिवाबत्ती करणारा तो मुजावर, आणि पुढे ते आडनाव झालं. ऊद तर आपण देवघरात रोज लावतो. उदबत्तीतला 'उद' तोच. कंदुरी ही मूळ फारसीत जेवणासाठी अंथरायची चादर. आपल्याकडे पिराला बोकडाचा नवस फेडताना जे गावजेवण होतं ती कंदुरी, आणि गावदेवाच्या नवसालाही हाच शब्द चालतो. मलिदा म्हणजे चुरलेलं, मळलेलं. चपात्या कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला हा नैवेद्य हातावर चिमूटभर मिळतो. त्याच शब्दाने पुढे 'मलिदा लाटला'सारखे वाक्प्रचार यावेत, याचं मला वाईट वाटतं.

'दर्गा' हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. फारसीतल्या 'दरगाह'चा शेवटचा ह आपण टाकला आणि त्याला तो दर्गा, दर्ग्यात, दर्ग्यावर असं चालवलं. 'ती दर्गाह' हे हिंदीचं वळण आहे. मिरजेच्या याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ चिरविश्रांती घेत आहेत. १९३७ साली ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या संगीत सभेत गाणं ही गवई लोक आजही हजेरी मानतात. 'हजेरी लावणे' हा वाक्प्रचार तिथे कार्यक्रमाला जाण्यापुरता उरत नाही, त्यात सेवा आहे.

आता मूळ वादाकडे. दर्ग्याचा शब्द देवाच्या यात्रेला कसा लागला? माझा अंदाज असा. हिजरी वर्ष चांद्र, अधिक महिना न धरणारं. त्यामुळे अजमेरचा रजब या हिजरी महिन्याच्या १ ते ६ तारखांचा उर्स दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. पण आपल्याकडच्या काही पिरांचे उरूस पंचांगाला बांधलेले आहेत: कल्याणजवळ हाजीमलंगचा माघी पौर्णिमेला, बुलढाण्यातल्या सैलानी बाबांची यात्रा होळीला. तिथी तीच, पीक निघाल्यावरचा मोकळा हंगाम तोच, पाळणे आणि मिठाईची दुकानं तीच, नवस फेडणारी माणसंही बरीचशी तीच. अशा ठिकाणी 'उरूस' हा शब्द संताच्या निधनदिनापासून सुटा होऊन 'वर्षातून एकदा भरणारी गावची जत्रा' असा अर्थ घेणारच. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तो तसा रुळलेला आहे. वापरणाऱ्या आजीला त्यात धर्मांतर दिसत नव्हतं, माहेरी जायचा दिवस दिसत होता.

त्यामुळे पत्रिकेवरून तो काढू नका, असं मी आग्रहाने सांगेन. शब्द परका म्हणून काढायचा तर त्याच पत्रिकेतले हजर, जाहीर आणि तारीख हेही काढावे लागतील. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जे नाव घेतलं ते छापणं हाच प्रामाणिकपणा आहे. हवं तर 'श्री भैरवनाथ यात्रा (उरूस)' असं दोन्ही छापा, म्हणजे बाहेरगावच्यालाही कळेल.

शुद्धलेखनाचं सोपं आहे. मूळ रूपात रू दीर्घ: उरूस. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: उरुसाला, उरुसात, उरुसानिमित्त, वकील-वकिलाला, हुकूम-हुकुमाने यांच्यासारखंच. क्रियापदांकडेही लक्ष असू द्या. उरूस भरतो, संदल निघतो, गलेफ चढतो, कंदुरी करतात. 'उरूस साजरा करण्यात येत आहे' हे कार्यालयीन मराठी झालं. पत्रिकेत 'उरूस भरत आहे' एवढंच लिहा.