शून्याधारित मागणी: आधी कोरे महिने शोधा

ताई, तुम्ही लष्करी रुग्णालयाच्या औषध भांडारात लिपिक आहात, मागणी आजवर 'गेल्या वर्षीचा खर्च अधिक दहा टक्के' अशी जायची आणि आता साहेबांना ती शून्याधारित पद्धतीने हवी आहे. मी अशाच एका रुग्णालयात हे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ऐंशीच्या दशकात, राज्याचा अर्थसंकल्प असाच मांडला होता. मागच्या वर्षी पैसे मिळाले हे कारण चालत नाही. प्रत्येक बाबीची गरज नव्याने दाखवायची.

आम्ही चुकलो ते इथे. वर्षभराचं वाटप काढलं, १२ ने भागलं आणि एमएमएफ, म्हणजे महिन्याला लागणाऱ्या औषधाचा आकडा, लिहून मोकळे झालो. रक्तदाबाची एक गोळी १०,४०० गेली होती, म्हणजे महिन्याला ८६७. आकडा आमच्या सुभेदार साहेबांना खटकला. त्यांनी बिन कार्ड, म्हणजे त्या औषधाची आवक-जावक आणि शिल्लक लिहायचं कार्ड, आणून पुढ्यात ठेवलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर, चार रकाने कोरे! गोळी भांडारात नव्हतीच. जवानांच्या घरची माणसं 'एनए' (उपलब्ध नाही) ऐकून परत जात होती. तेच १०,४०० आठ महिन्यांनी भागा: १,३०० येतात, वर्षाला १५,६००. जी गोळी लोकांना मिळाली नाही, तिचीच मागणी आम्ही एक तृतीयांशाने कापायला निघालो होतो. मला अजून त्याची रुखरुख आहे.

तेव्हा शिल्लक शून्य असलेले दिवस आधी वजा करा, मगच सरासरी काढा. काम किचकट आहे. म्हणून जीवरक्षक आणि महागडी औषधं पहिल्यांदा घ्या. कापूस-बँडेजला १२ ने भागायचा जुना हिशेब चालेल. ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) निधी वेगळा असतो, त्यांचं वाटप यात मिसळू देऊ नका.

स्टेशन हेडक्वार्टरला विचारा, पुढच्या वर्षी कोणती पलटण येतेय, कोणती जातेय. कुटुंबांसह एक पलटण हलली की बालरोग आणि प्रसूती विभागाचे आकडे पार बदलतात, आणि हे जुन्या रजिस्टरात कुठेच दिसत नाही.

खरेदीचं महिनावार वेळापत्रकही जोडा. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के ही खर्चाची मर्यादा आहेच, शिवाय जेमवरच्या (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या) निविदेला वेळ लागतो. आयएफएकडे (वित्तीय सल्लागारांकडे) फाइल पाठवताना बिन कार्डाची प्रत सोबत लावा. आमच्या त्या १५,६०० वर मग एकही शेरा आला नाही.