नाताळ सोडून कॅथलिक चर्चमध्ये वर्षभर काय चालतं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच वसईला राहायला आलात, आजूबाजूला सगळी कॅथलिक घरं आहेत, आणि नाताळचे कंदील उतरल्यावर ही माणसं दर रविवारी नक्की कशाला जातात, हा प्रश्न पडलाय. शिवाय कुणी बोलावलं तर जावं का, हेही विचारलंय. माझा जन्म इथल्याच एका आळीतला. घरात कादोडी ही इथली बोली, चर्चमध्ये मराठी आणि विरार लोकलमध्ये जी भाषा सुचेल ती. तर सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आमचा मोठा सण नाताळ नाही, ईस्टर आहे, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस. नाताळात दिवे असतात, गोठे असतात, करंज्या असतात, म्हणून तो बाहेरून दिसतो. ईस्टर रात्रीचा असतो आणि त्याआधीचे चाळीस दिवस तर दिसण्यासारखे नसतातच. पण वर्षाचा कणा तोच.

सुरुवात राखेच्या बुधवारी होते. तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार, असं म्हणत फादर कपाळाला राख लावतात. ही राख येते कुठून? गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद घेऊन घरी नेलेल्या झावळ्या वर्षभर तसबिरीमागे खोचलेल्या असतात. राखेच्या बुधवाराआधी त्या चर्चमध्ये परत आणून द्यायच्या, त्या जाळतात. माझी आजी त्या द्यायला मला पिटाळायची, आणि आमच्या तसबिरीमागे दोन-तीन वर्षांच्या साठलेल्या निघायच्या. इकडे नारळ मुबलक, त्यामुळे कोवळ्या पात्या विणून क्रूस करायची कला पोरंसोरं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असतानाच शिकतात. प्रवचन लांबलं की क्रूस जास्त होतात.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत तर 46 दिवस भरतात. मधले सहा रविवार वगळा, मग चाळीस होतात. रविवारी उपास नाही. 18 ते 59 वयाच्यांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास बंधनकारक, आणि चौदा वर्षांपुढच्या सगळ्यांना या दोन दिवसांसह उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात. वसईत याला त्याग म्हणणं जरा धाडसाचंच, पण नियम तो नियम. या दिवसांत आमच्याकडे लग्नं करत नाहीत. तुमच्या गल्लीत बँडबाजा अचानक बंद झाला आणि एप्रिल-मेमध्ये एकदम सुरू झाला, तर कारण हे.

तारीख दरवर्षी बदलते त्याचंही तुम्हाला आश्चर्य वाटायला नको. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे आपल्या सणांसारखा चंद्रावरच चालतो. 2024 साली ती पौर्णिमा होळीची निघाली, सोमवारी धुळवड आणि त्याच शुक्रवारी गुड फ्रायडे. 2025 साली ती चैत्रातली, हनुमान जयंतीची होती, आणि ईस्टर आला 20 एप्रिलला.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा प्रत्यक्ष बघण्यासारखा असतो. गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. 2016 पासून त्या बारांत बायकांनाही बसवता येतं. त्याच मिस्सात घंटा वाजते आणि मग शनिवारी रात्रीपर्यंत मुकी होते, तिच्याऐवजी लाकडी खटखटी. शुक्रवारी तर मिस्साच नसते, वर्षातला हा एक दिवस. आमच्या घरी त्या दिवशी पेज आणि लोणचं, आणि टीव्ही बंद.

शनिवारी रात्री बाहेर अंगणात शेकोटी पेटवतात. चर्च पूर्ण काळोखात. एक जाडजूड मेणबत्ती आणतात, तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरतात आणि धुपाचे पाच दाणे टोचतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. मग ती पेटवून आत न्यायची, आणि तिच्यावरून आपली, आपल्यावरून शेजाऱ्याची. पाचेक मिनिटांत हजार चेहरे उजळतात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना या उजेडाकडे बघण्याच्या नादात माझी मेणबत्ती कलली आणि पुढच्या बाकावरच्या मावशींच्या लाल लुगड्यावर मेण ओघळलं. त्यांनी मागे वळून फक्त पाहिलं. दुसऱ्या दिवशी आईने ते लुगडं मागून आणलं, वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली, आणि मेण कागदात उतरलं. परत करताना सोबत डबाभर सांदणं पाठवली.

बाकीचं वर्ष थोडक्यात. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात आळीतल्या क्रुसाजवळ संध्याकाळी जपमाळ, 2 नोव्हेंबरला दफनभूमीत फुलंच फुलं. 5 फेब्रुवारीच्या आसपास संत गोन्सालो गार्सिया यांचा सण. ते इथलेच, 1597 साली नागासाकीत क्रुसावर मेले. आणि कुणी गेलं की घंटेच्या ठोक्यांवरून कळतं, मग कुणी काही न सांगताच आळीतल्या बायका त्या घरी जेवण पोचवतात. खरं चर्च मला तिथे दिसतं, प्रवचनात क्वचितच.

हे सगळं मराठीत, हेही सांगायला हवं. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आमचे लोक आपापल्या वाडीत राहिले. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चालत राहिली. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या बैठकीनंतर, ती मराठीत आली. आजीला लॅटिन उत्तरं शेवटपर्यंत पाठ होती, अर्थ एकाचाही माहीत नव्हता.

आता तुमचं जाणं. बिनधास्त जा. मागे बसा, सगळे उठले की उठा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत तेवढं जाऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. बसून राहिलात तर कुणी वळूनही बघणार नाही. पहिल्यांदा जायचं तर ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच जा. दारात मेणबत्ती देतात, तिला पुठ्ठ्याची चकती लावून घ्या, आणि पुढच्या बाकावर कोण बसलंय ते आधी पाहा.